सोफीच्या आधी

ट्रेबेनाऊच्या राजवाड्याच्या तिकीट खिडकीत मी एकवीस वर्षं बसतो आहे. राजवाडा बघायला आलेला माणूस आधी संडास कुठे ते विचारतो, मग केक मिळेल का ते विचारतो, आणि मे महिन्यात आला असेल तर तिसरा प्रश्नही ठरलेला: संत्र्याची झाडं कुठायत? आमच्या माहितीपत्रकावर गच्चीचा फोटो आहे. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ झाडं, लाकडी पिंपांत उभी. लोक तो फोटो हातात धरून येतात, रिकामी गच्ची बघतात आणि माझ्याशी भांडतात. जसं काही झाडं मीच दडवून ठेवली आहेत.

झाडं दडवायची ती एडेलट्राउट. कागदोपत्री झाडं सरकारची, पण तिला विचारल्याशिवाय त्यांचं वाळकं पान उचलायचीही कोणाची छाती नव्हती. सोळाव्या वर्षी ती इथे माळीकाम शिकायला आली, तेव्हा राजवाड्यात शेतकी शाळा होती आणि झाडं सामुदायिक शेतीच्या गोठ्यात, गायींच्या उबेला, कशीबशी हिवाळा काढत होती. म्हाताऱ्या माळ्याने ती तिच्या हवाली केली आणि दोन वर्षांनी तो वारला. त्यातलं सगळ्यात जुनं झाड सव्वादोनशे वर्षांचं. त्याला आम्ही सगळे ‘म्हातारी’ म्हणायचो. पुढे दिवस पालटले, राजवाडा रंगवला गेला, थंडीत झाडं ठेवायचं उंच खिडक्यांचं हिवाळघर दुरुस्त झालं आणि झाडं गोठ्यातून परत आपल्या घरी आली. एडेलट्राउट तीच राहिली.

तिचा नियम एकच. थंड सोफीच्या आधी एकही पिंप उंबऱ्याबाहेर जाणार नाही. मेच्या बारा ते पंधरा तारखेला आमच्याकडे चार बर्फाळ संतांचे दिवस येतात, त्यातली सोफी शेवटची. तोवर गारठा कधी उलटून येईल याचा भरवसा नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण वरून आलेल्या संचालकांना नसतं. एकवीस वर्षांत मी पाच संचालक बघितले. पाचही जण एप्रिलमध्ये तिच्याशी गोड बोलायला गेले आणि तोंड पाडून परत आले. एकाला तर तिने सगळ्यांसमोर विचारलं होतं, "तुम्ही स्वतः एक रात्र गच्चीवर उघडे झोपून दाखवता का? मग बघू." नाकावर माशी बसू द्यायची नाही ती. मला ती फार आवडायची, हे इथेच सांगून टाकतो. तसल्या अर्थाने नव्हे. माझी तेवढी हिंमत नव्हती आणि तिला नवरा होता.

नवरा म्हणजे व्होल्कमार, शाळेच्या बसचा ड्रायव्हर. सोमवारी राजवाडा बंद असतो. त्या दिवशी ही दोघं काय करत? दुसरे राजवाडे बघायला जात. वर्षानुवर्षं, दर सोमवारी, जिथलं दार उघडं असेल तिथे. ती सरळ बागेत शिरायची, तिथली झाडं तपासायची, तिथल्या माळ्याच्या चुका काढायची. त्याला ना राजवाड्याशी घेणं ना बागेशी. तो आपला केक खायला बसायचा. त्याच्याकडे एक वही होती. तारीख, राजवाड्याचं नाव, केक कोणता, आणि दहापैकी गुण. सगळं राजकुळ आणि सगळे वास्तुशिल्पी त्याने खसखशीच्या केकवर तोलले होते. सहाच्या वर तो सहसा जायचाच नाही. हात फारच आखडता.

जानेवारीत दारातलं बर्फ ओढता ओढता व्होल्कमार खाली बसला आणि तिथेच गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला एडेलट्राउट हिवाळघरात उष्णतामापक बघत उभी. मी म्हटलं, घरी जा. ती म्हणाली, सहा अंश आहे, ठीक आहे. अंत्यविधीला ती रडली नाही. नंतर कॉफीच्या टेबलावर तिने पुढ्यात आलेला केक शेवटच्या कणापर्यंत खाल्ला, बशी बाजूला सारली आणि लोक बोलत होते तिकडे बघत राहिली. गावात म्हणू लागले, बाई खंबीर आहे हो. मीही म्हणालो. खंबीर म्हणजे काय ते कोणाला ठाऊक होतं? सोमवारी ती कुठे जाईनाशी झाली. मी विचारलं तर म्हणाली, गाडी आहे की, हवी तर तू घेऊन जा.

त्या वसंतात आमच्याकडे सहाव्या संचालक आल्या. डॉक्टर आल्बर्स, उत्तरेकडच्या, तरुण, मनाने चांगल्या. त्यांनी अकरा मेला, रविवारी, बागेचा उत्सव ठरवला. बँड, सॉसेज, मुलांसाठी घोडागाडी. एप्रिलच्या बैठकीत त्यांनी कागद चाळत विचारलं, "एडेलट्राउटबाई, त्या दिवशी झाडं गच्चीवर असतील ना?" आम्ही सगळ्यांनी माना खाली घातल्या. आता वीज पडणार.

"चालेल," एडेलट्राउट म्हणाली.

आमचा जीव भांड्यात पडला. खरं सांगतो, मला आनंद झाला. आता निदान मे महिन्यात तरी माझं डोकं कोणी खाणार नव्हतं. मी तिला म्हणालोसुद्धा की तू बदललीस, बरं झालं. दुःखाने माणूस मवाळ होतो असं काहीतरी शहाणपणही मी तिला शिकवलं. ती माझ्याकडे बघत होती. तिने ताकास तूर लागू दिली नाही.

उत्सव झाला. नऊशे तिकिटं फाडली मी. ऊन पडलं होतं, संत्री कळ्यांवर होती, लोक म्हातारीच्या पिंपाला टेकून फोटो काढत होते. एरवी पिंपाला कोणी हात लावला तर एडेलट्राउट गच्चीच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायची. त्या दिवशी ती पायरीवर बसून होती.

मंगळवारी सगळ्यांच्या फोनवर हवामानाचा अंदाज होता, रात्री एक अंश. म्हणजे शून्याच्या वर. पण आमची बाग तळ्याच्या खळग्यात आहे, गार हवा तिथे साचते, आणि अंदाजातून चार-पाच अंश वजा करायचे हे इथे एकाच माणसाला पक्कं माहीत होतं. ट्रॅक्टर आणि चार माणसं लावली असती तर अर्ध्या दिवसात सगळी पिंपं आत गेली असती. एडेलट्राउट पाच वाजता सायकल काढून घरी गेली. जाताना माझ्या खिडकीपाशी थांबली, उद्या वारा नसेल म्हणाली, आणि गेली. वारा नसला की खळग्यातला गारठा हलत नाही, मला त्यातून काही कळायला हवं होतं.

बुधवारी सकाळी गच्चीवरची पानं काचेसारखी झाली होती. उणे पाच. दहा वाजेपर्यंत ऊन आलं आणि पानं शिजवल्यासारखी काळी पडून लोंबू लागली. आल्बर्सबाई पायरीवर बसून ढसाढसा रडल्या. चूक माझी, मीच हट्ट केला, असं त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. एडेलट्राउट दोन्ही हात खिशात घालून उभी होती. म्हणाली, होतं असं. मग तिने एकेका झाडाची साल अंगठ्याच्या नखाने खरवडली. खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत, तपकिरी दिसलं तर मेलेली. चौदा झाडांत खालच्या फांद्यांना हिरवं सापडलं. चार झाडांत काही सापडलं नाही. म्हातारी त्या चारांत होती.

मला वाटलं, आता ही कोसळेल. नवऱ्याच्या वेळी तग धरला, पण हे नाही सोसायची. म्हणून पुढच्या सोमवारी मी तिला जबरदस्तीने गाडीत घातलं आणि फाल्केनरोडच्या राजवाड्यात नेलं. तिची आणि व्होल्कमारची आवडती जागा होती ती. तिथली झाडं अजून हिवाळघरातच होती, कारण तिथला माळी गाढव नव्हता. दारं उघडी होती आणि मोहराचा वास पार पटांगणापर्यंत येत होता. ती दारापर्यंत गेली, आत डोकावली आणि परत येऊन बाकावर बसली. मी दोन कॉफी आणि दोन खसखशीचे केक आणले.

तिने केकचा एक घास खाल्ला आणि म्हणाली, "मला माहीत होतं, ओर्टविन."

"काय?"

"थंडी येणार हे. बैठकीतच माहीत होतं. तारखाच तशा होत्या."

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? मग अगदी साध्या आवाजात, बस किती वाजता आहे ते सांगावं तसं, तिने सांगितलं.

"तो गेला तेव्हा मला काही झालं नाही. काहीच नाही. मी वाट बघितली, फेब्रुवारी गेला, मार्च गेला. वाटलं, म्हातारी गेली तर दुखेल. तिच्यासाठी दुखलंच पाहिजे. शेहेचाळीस वर्षं सांभाळली तिला. म्हणून हो म्हटलं."

"मग? दुखलं?"

"नाही."

मेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात. पण आग लावून बघणारं कोंबडं मी पहिल्यांदाच बघत होतो. मला भयंकर राग आला. इतका की कपातली कॉफी मांडीवर सांडली. मी तिला म्हणालो, त्या झाडांनी तुझं काय घोडं मारलं होतं? आणि ती पोरगी तिकडे स्वतःला दोष देत राजीनामा लिहीत बसलीय, तिने काय केलंय? ती म्हणाली, बरोबर आहे तुझं. तेही तिला लागलं नाही. तिला लागावं म्हणूनच मी बोललो होतो, हे मला आज कबूल करायला हवं. परत येताना गाडीत मी तिला एकच अट घातली, उद्या जाऊन बाईंना खरं सांगायचं. ती हो म्हणाली. हल्ली ती सगळ्यालाच हो म्हणायची.

मंगळवारी ती आल्बर्सबाईंच्या खोलीत गेली आणि दहा मिनिटांत माझ्या खिडकीपाशी आली.

"सांगितलंस?"

"सगळं सांगितलं."

"मग?"

"त्यांचा विश्वास बसला नाही. म्हणाल्या, माझ्या चुकीचं ओझं तुम्ही का घेता, तुमचं मन किती मोठं आहे. मग त्यांनी मला मिठी मारली."

"आणि तू?"

"मी उभी राहिले. त्या सोडीपर्यंत."

राजीनामा मात्र बाईंनी फाडला. एवढं तरी झालं. आता त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला एडेलट्राउटच्या मोठ्या मनाची गोष्ट सांगतात आणि मला ती ऐकावी लागते. खिडकीशी लोक तक्रार करतात की चित्रात अठरा झाडं आणि इथे चौदाच. मी म्हणतो, थंडीने गेली. खोटं तर नाही ते.

मेलेल्या चारांपैकी तीन तिने जूनमध्ये कापून टाकली. म्हातारीचं खोड ठेवलं. का, ते तिने सांगितलं नाही. दर दोन दिवसांनी ती खोडाशी वाकून आणखी थोडं खाली नखाने खरवडायची. जुलैच्या शेवटी मातीलगत बोटाएवढा कोंब आला. तो मीच आधी बघितला आणि धावत जाऊन तिला बोलावून आणलं. ती गुडघ्यावर बसली, बघितलं, उठली.

"आहे," ती म्हणाली आणि पाण्याची नळी आणायला गेली.

मला वाटलं होतं त्याहून हे फारच कमी होतं. त्या दिवशी मी तिच्याशी बोललो नाही. माझाही स्वभाव काही संताचा नाही.

पण त्यानंतरच्या सोमवारी सकाळी नऊला माझ्या दाराची घंटा वाजली. दारात एडेलट्राउट, हातात गाडीची किल्ली. चल म्हणाली, फाल्केनरोडला. तिथे तिने बाग बघितली नाही, सरळ केकच्या दुकानात जाऊन बसली. खसखशीचा केक आल्यावर पिशवीतून नवऱ्याची वही काढली, तारीख घातली, राजवाड्याचं नाव घातलं, आणि एक घास खाऊन थांबली.

"मला चव लागत नाही," ती म्हणाली. "तू सांग. किती लिहू?"

मी खाऊन बघितला. केक खरोखरच चांगला होता. मी आठ म्हणालो.

ती पेन हातात धरून बसली. बाहेर सहलीची बस आली होती, म्हातारी माणसं उतरून रांगेने बागेकडे चालली होती.

"आठ फार होतात," ती म्हणाली. "व्होल्कमारने सहाच दिले असते."

जानेवारीपासून त्याचं नाव तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकत होतो. तिचा चेहरा होता तसाच होता. तिने सहा लिहिले, वही मिटली आणि उरलेला केक खायला घेतला.