शिडीवाले काका

"हे पोरगी गाठी मोजन? इले तं मराठीत वीसच्या पुढं मोजता येत नाही!"

गोदामाच्या दाराबाहेर मी उभी होते. आत मॅनेजर बोलत होते आणि हमाल हसत होते. त्यावर शिडीवाले काका शांतपणे म्हणाले, "इंग्रजीत मोजन. गाठीले काय समजते?"

सत्तरच्या दशकातली गोष्ट. काका कारंजाच्या एका कापसाच्या जिनात अंतर्गत हिशेब तपासनीस होते. मी नागपूरच्या इंग्रजी शाळेतून शिकून, बी.कॉम. होऊन त्याच कामाच्या परीक्षेची तयारी करत होते. परीक्षेला बसायला वर्षभराच्या प्रत्यक्ष कामाचा दाखला लागे. मुलीला हाताखाली घ्यायला कुणी तयार नव्हतं. काकांनी घेतलं.

गोदामात शिरले की ते आधी शिडी मागत. बाकीचे तपासनीस रुईच्या गाठींची थप्पी समोरून मोजत, लांबी-रुंदी-उंचीचा गुणाकार करत आणि चहाला जात. काका वर चढून आत डोकावत. "गुणाकार तं पोट्टेबी करतात. मधात काय हाय ते वर गेल्याबिगर दिसत नाही," असं म्हणत. माझ्या पुस्तकांत भौतिक पडताळणीवर अख्खं प्रकरण होतं. त्यात शिडी कुठेच नव्हती.

त्या वर्षी त्यांचे गुडघे गेले. मग ते शिडी धरून खाली उभे राहू लागले आणि मी चढू लागले. "तू माहे डोळे," ते म्हणत. मला त्याची भीती वाटे.

मागच्या भिंतीकडच्या थप्पीवर चढले तेव्हा मधे विहिरीसारखा खड्डा होता. चारी बाजूंनी गाठी, आत काहीच नाही. खालून मॅनेजर ओरडले, "मॅडम, सांभाळा! रुईत पडसान तं गाठीत बांधून मुंबईले जासान!" सगळे हसले. 

"भरून हाय ना, पोरी?" काकांनी विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी हिरव्या पेन्सिलीनं बरोबरची खूण केली.

जेवणाच्या सुट्टीत सांगू, संध्याकाळी सांगू, उद्या सांगू, असं करत अहवाल गेला. त्यावर सही फक्त काकांची होती.

दोन महिन्यांनी माल उचलताना ती थप्पी पोकळ निघाली. मॅनेजरनी हात वर केले. काकांवर संगनमताचा ठपका आला आणि निवृत्तीला वर्ष उरलं असताना त्यांना घरी बसवलं. चौकशीत त्यांनी माझं नावही घेतलं नाही. जाण्याआधी माझा दाखला मात्र लिहून ठेवला होता: 'कामात चोख.' त्याच दाखल्यावर मी परीक्षेला बसले, पास झाले.

पेढे घेऊन अनसिंगला त्यांच्या घरी गेले. ते ओसरीवर बसले होते, निम्मे झाले होते. काकूंनी माझ्याकडे पाहिलंही नाही. आतूनच म्हणाल्या, "हेच ना ते, वर चढलेली?"

"तिले काहून बोलतं?" काका म्हणाले. "अंधार होता वरतं. लेकराले दिसलं नसन."

तेवढंच धरून मला घरी परतता आलं असतं. पेढ्यांचा पुडा मी अजून हातातच धरला होता.

"दिसलं होतं, काका," मी म्हणाले. "त्याच दिवशी दिसलं होतं."