जिनिंगच्या मैदानात आलेली देवी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हालाच का सांगते आहे — माहीत नाही. तुम्ही माझ्या घरी येणार नाही, एवढं एक बरं आहे.

खामगावात आमचं बिछायत केंद्र आहे. मांडव, स्टेज, खुर्च्या, सतरंज्या, जनरेटर. लग्न असो की तेरवी, गेलेलं सामान धड परत आलं की माझं काम झालं. रडारड मला जमत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही मला भोळी समजणार नाही.

काही वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या, कापसाच्या बंद जिनिंगच्या मैदानात कॉलेजच्या पोरांनी मेटलचा, म्हणजे त्या कर्कश गिटारवाल्या गाण्यांचा, कार्यक्रम ठेवला. स्टेज आमचं होतं. स्टेजवरची पोरगीही आमचीच — मयुरी, एकुलती एक. ती गाते हे मला ठाऊक होतं. काय गाते, हे कधी विचारलं नव्हतं. का विचारलं नाही? वेळ नव्हता, असं मी म्हणत असे.

दिवेलागणीला ती वर आली. तोंडाला पांढरा रंग, डोळ्यांभोवती काजळाचे ओघळ, हनुवटीवरून साखरेच्या पाकात रंग कालवून केलेलं खोटं रक्त. मागे बांबूंच्या चौकटीला फास टांगलेला — माझेच बांबू. आणि तिनं तोंड उघडलं. ते गाणं नव्हतं. पोटाच्या तळातून, दगडावर दगड घासावा तसा आवाज. ही माझी पोरगी? हिला मी दूध-हळद देऊन गळा सांभाळायला शिकवलं होतं.

खाली पोरं केस मोकळे सोडून माना फिरवत होती. शेजारच्या वस्तीतल्या बाया जिनिंगच्या भिंतीवर बसून पाहत होत्या.

"काऊन वो, ह्याइच्या अंगात आलं का काय?"

"अंगात नाही माय, फॅशन आली. आपल्या अंगात आलं तं लिंबू कापतेत, ह्याइच्या अंगात आलं तं तिकीट लावतेत."

मीही हसले. आणि तेवढ्यात रसवंतीपाशी उभे असलेले मामा दिसले — मयुरीला ज्या घरानं पसंत केलं होतं, त्या घरातल्या मुलाचे, पिंपळगाव राजा गावचे मामा. ते स्टेजकडे एकटक पाहत होते. त्यांनी तिला ओळखलं होतं.

आता काय करायचं? वर जाऊन तिला ओढून आणलं असतं, तर गावभर बोभाटा. गप्प राहिले असते, तर सोयरीक गेली. मला तिसरी वाट सुचली — त्या फिरणाऱ्या माना पाहूनच सुचली.

माझ्या सासूच्या अंगात यायचं. दर नवरात्रात मी ते जवळून पाहिलं होतं — आधी श्वास, मग कोपर ताठ, मग केस. मी अंबाडा सोडला.

होय. मी सोंग केलं.

घुमत घुमत स्टेजच्या पायऱ्या चढले. वाजवणारे थांबले. भिंतीवरच्या बाया उतरून पळत आल्या, कुणी माझ्या पायावर पाणी ओतलं, कुणी कुंकू लावलं. मी शुद्धीत होते का? पूर्ण होते. घुमताना मला दिसत होतं की आमची एक सतरंजी जनरेटरजवळ सांडलेल्या डिझेलात लोळते आहे. ती उचलायला सांगायचं, हेसुद्धा माझ्या डोक्यात होतं.

मयुरीच्या हातात माईक तसाच होता. मी तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि म्हणाले, "हा गळा माहा आहे. याच्यातून पुन्हा दुसऱ्या कोनाले बोलू देशीन, तं तुह्या मायले नेईन."

माईकनं ते उचललं. मोठ्या पेट्यांतून माझा आवाज मैदानभर गेला आणि जिनिंगच्या भिंतीवर आपटून परत आला. परत आलेला आवाज मी ओळखला नाही. तरी मी थांबले नाही.

ती माझ्या पाया पडली. माझ्या बोटांवर तिच्या कपाळाचा पांढरा रंग उतरला. तिनं वर पाहिलं तेव्हा डोळ्यांत राग नव्हता. भीती होती — माझ्यासाठी. माय मरेल, म्हणून.

ती त्यानंतर कधी गायली नाही. मामांनी तिथेच हात जोडले होते. ज्या घरात देवी येते तिथली पोरगी नाकारायची कशाला, असं म्हणाले. लग्न झालं. माझा नवरा त्या दिवसापासून माझ्यावर आवाज चढवत नाही. सगळं सुरळीत झालं. मला हवं तसं.

मागच्या वर्षी निरोप आला — मयुरीच्या अंगात येऊन राह्यलं. दर मंगळवारी. लांबून लोक येतात.

मी गेले. अंगणात रांग होती, नारळ घेऊन मीही उभी राहिले. माझी वेळ यायच्या आधीच तो आवाज कानावर आला. पोटाच्या तळातून, दगडावर दगड. तसाच. स्टेजवरचाच.

पुढे गेले. केस मोकळे, डोळे पांढरे, अंग थरथरत होतं. एका बाईचं रांगतं लेकरू आरतीच्या ताटातल्या जळत्या कापराकडे हात नेत होतं. मयुरीनं घुमणं न थांबवता पायाच्या अंगठ्यानं ते ताट अलगद बाजूला सारलं. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नाही. मला मात्र डिझेलात लोळणारी ती सतरंजी आठवली.

मग तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हळदीचा, गरम. वाकली, आणि फक्त मला ऐकू येईल असं त्या आवाजात म्हणाली, "हा गळा माहा आहे."

पुढचं वाक्य ती बोलली नाही. मी वाट पाहत वाकून राहिले. मागच्या बाईनं ढोसलं — "सरका नं वो बाई, देवी काय तुमच्या एकटीचीच हाय?"

मी सरकले. घरी आले तेव्हा नवरा दारातच होता. "कशी हाय पोरगी?"

"बरी आहे," मी म्हणाले. "देवीची कृपा आहे."