तोटीमामांची ओंजळ

तोटीमामांचं खरं नाव सांगायचं झालं तर त्यांच्या बायकोलाही क्षणभर आठवावं लागेल. गल्लीतल्या घराघरांत त्यांच्या हातची एखादी तरी तोटी आहे, म्हणून ते तोटीमामा. आणि तोटीसोबत त्या घराची बित्तंबातमीही त्यांच्याकडे आहे. बेसिनखाली डोकं घातलेल्या माणसाला कान नसतात, असं लोकांना का वाटतं कोण जाणे.

तर या मामांचं हृदय मागच्या वर्षी थकलं. डॉक्टर म्हणाले, "पंप कमजोर झालाय. पाणी पुढे ढकलत नाही, म्हणून पायांत साचतंय."

इतकं सरळ मामांना आजवर कुणी काही समजावलं नव्हतं. "मग वायसर बदलून भागेल का?" त्यांनी विचारलं. डॉक्टर हसले. मामी नाही हसल्या.

गोळ्या होत्याच, पण खरी मेख ताटात होती. मीठ नावापुरतं आणि पाणी मोजून. चहा, सूप, सगळं त्याच मापात. मामी सकाळी एक बाटली भरून हातात द्यायच्या, ती दिवसभर पुरवायची. ज्या माणसानं जन्मभर लोकांच्या घरी धो धो पाणी आणलं, त्याच्या नशिबी घोट घोट!

सुरुवातीला भाजी पुठ्ठ्यासारखी लागली. "अगं, राग माझ्यावर आहे की भाजीवर?" मामा विचारायचे. मग जीभ हळूहळू वळली. लिंबू पिळलं, मिरपूड भुरभुरली की घास उतरायला लागला. खारे शेंगदाणे सुटले, तशी तहानही जरा नरमली. पण पाणी मनातून सुटेना. दुसऱ्यांच्या टाकीत पाणी पडायला लागलं की काम संपलं तरी मामा कठड्याला हात टेकून उभे. पूर्वी घरी आल्यावर ते उभ्या उभ्या पाण्याचा अख्खा जग घशात रिकामा करायचे, शर्टाची कॉलर भिजायची आणि मामी ओरडायच्या. आता त्यांना ते ओरडणंसुद्धा हवंसं वाटायचं.

मामी त्यांच्यासमोर पाणी पीत नसत. स्वयंपाकघराचं दार लोटून, नळ अगदी बारीक सोडून, चोरासारख्या प्यायच्या. आता चोरी करावी ती तरी कुणाच्या घरी, प्लंबरच्या? भिंतीतला पाइप जरा कुरकुरला की मामांना कळायचं, आत पेला भरतोय. ते निमूटपणे टीव्हीचा आवाज वाढवायचे.

एवढं पथ्य पाळूनही एके दिवशी वजनकाटा वर सरकायला लागला. पाय सुजले, चप्पल चढेना. मामींनी सगळ्या गल्लीवर संशय घेतला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना जिन्यातच गाठलं.

"तुम्ही यांना सरबत पाजलंत ना?"

"अहो, मी तर मामांसमोर कपबशीसुद्धा वाजवत नाही!" काकू शपथेवर आल्या.

घरी येऊन मामींनी निर्वाणीचं सांगितलं, "परत दवाखान्यात भरती व्हावं लागलं, तर ही पान्यांची पिशवी भंगारात घालीन. काम बंद."

मामांनी पिशवी पायाशी ओढून घेतली. पाणी प्यायला मिळेना, निदान त्याच्या आसपास तरी राहू द्या, एवढंच त्यांचं मागणं होतं.

डॉक्टरांनी त्यांना आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. सोबत मामी गेल्या, आणि पिशवीही. बाई तरुण, चष्म्याच्या, प्रेमळ. खोदून खोदून विचारलं. बिस्किटं? नाही. पापडबिपड? नाही. फळांचे रस? नाही. बाटलीबाहेरचं पाणी?

"थेंब नाही," मामा छातीवर हात ठेवून म्हणाले, आणि ते अगदी मनापासून खरं बोलत होते.

बाई कोड्यात पडल्या. मामींनी डोळ्यांना पदर लावला. आणि कोपऱ्यातलं बेसिन मगापासून ठिबकत होतं, टप, टप. मामांना ते सहन होईना. "तुम्ही दोघी बोला," म्हणत ते उठले, बेसिनखालची पाण्याची चावी बंद केली, पाना फिरवला, पिशवीतला वायसर बसवला आणि नळ सोडून पाहिला. धार सरळ पडली. मग सवयीनं ओंजळ खाली धरली आणि भरलेली ओंजळ पिऊन टाकली. समाधानानं मिशा पुसल्या.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"काय झालं?" मामा म्हणाले.

"मामा, तुम्ही आत्ता पाणी प्यायलात."

"छे! टेस्टिंग केलं. आमच्या वडिलांनी शिकवलंय, जे पाणी आपण पिऊ शकत नाही ते गिऱ्हाइकाला देऊ नये."

"आणि हे प्रत्येक नळाला करता?"

"म्हणजे काय! तो कामाचा भाग आहे. ते काही पाणी पिणं नाही."

"दिवसाला नळ किती होतात?"

मामांनी बोटं मोजायला घेतली. एक हात संपला, दुसरा सुरू झाला, आणि मधेच त्यांचा चेहरा पडला. आपली लपवाछपवी आपल्यापासूनच चालली होती, हे त्यांना त्या बोटांवर दिसलं.

"शरीर विचारत नाही हो, कामासाठी प्यायलात की तहानेसाठी," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

मामी गरजल्या नाहीत, हीच नवलाई. घराशी आल्यावर म्हणाल्या, "काम बंद नाही. पण उद्यापासून मी बरोबर येणार."

दुसऱ्या दिवशी काकूंच्याच मोरीत नवा नळ लागला. मामांनी तो सोडला. हात आपसूक पुढे गेले, ओंजळ भरली, आणि ती त्यांनी मामींपुढे धरली.

"पी."

"तुमच्यासमोर?"

"अगं, दाराआड पितेस ते मला रोज ऐकू येतं."

मामी लाजल्या, चिडल्या, आणि शेवटी वाकून प्यायल्या. मामा त्यांच्या गळ्याकडे टक लावून पाहत राहिले.

"कसं आहे?"

"गार. पण नव्या नळाचा वास येतोय."

"जरा वाहू दे," मामा म्हणाले. त्यांनी धारेखाली मनगट धरलं, ओठांवरून जीभ फिरवली आणि पुन्हा ओंजळ भरायला घेतली. "आता परत पी. आणि नीट सांग, घाई करू नकोस."