पारदर्शक कागदावरचा किनारा

उपग्रह चुकला नव्हता, मी चुकलेले. हे वाक्य कागदावर उतरवायला मला इतकी वर्षं लागली. आता उतरवलंय, तर खोडणार नाही. कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

ऐंशीच्या दशकात मी डोंबिवलीहून मुंबईला नोकरीला जायचे. हवामानाचे नकाशे भरायचं काम. पृथ्वीच्या बरोबरीनं फिरणारा, म्हणून आपल्याला एकाच जागी उभा वाटणारा उपग्रह ढगांची चित्रं पाठवायचा. काळा समुद्र, पांढरे ढग. पण तो जागच्या जागी जरासा डुलायचा, त्यामुळे चित्र दर वेळी थोडं सरकलेलं असे. किनारा आम्ही हातानं बसवायचो. पारदर्शक कागदावर शाईनं भारताची किनारपट्टी काढलेली असायची. तो कागद चित्रावर ठेवायचा, काठेवाडचं टोक आणि लंका जुळवायची, टाचण्या मारायच्या. अर्धं बोट चुकलं तरी खाली ठाण्याचं नाशिक व्हायचं.

माझं माहेर ठाण्याच्या खाडीकाठचं, कोलशेतचं, कोळ्यांचं. वडील लवकर गेले. आई जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, सुकवून विकायची, त्यावरच मी शिकले. पावसाळ्याआधी लोक आगोटीला वर्षाचा जवळा भरून ठेवतात, तेव्हाच तिची खरी विक्री. आळीत तिचा तोरा असा, की आमची पोर आभाळाच्या वरून बघते.

मे महिन्यातल्या एका सकाळी काठेवाड ढगाखाली होतं आणि लंकाही. जुळवायला काहीच नाही. अशा वेळी चित्रावर ‘किनारा अनिश्चित’ असा शेरा मारायचा, हा नियम. मी मारला नाही. ‘बाईला साधा कागद बसवता येत नाही’ हे मला ऐकायचं नव्हतं. आदल्या दिवशीच्या टाचण्यांवरून अंदाजानं कागद ठेवला आणि ढगांचा गठ्ठा नकाशावर समुद्रात लांब जाऊन पडला. साहेबांनी बाकीचे नकाशे बघून रेडिओवर पावसाची शक्यता दिलीच. ते चुकले नाहीत. पण मी आळीतल्या वाण्याकडे फोन करून आईला बोलावून घेतलं आणि म्हटलं, “रेडिओचं ऐकू नकोस. मी चित्र बघितलंय. जवळा वाळत घाल.”

दुपारीच पाऊस आला. आगोटीचा सगळा जवळा चिखलात गेला.

रविवारी मी माहेरी गेले. बायका दारात उभ्या. मी आईकडे न बघता म्हटलं, “उपग्रहच चुकला, त्याला मी काय करू?” वाक्य इतकं सहज सुटलं, की मलाच खरं वाटलं. आईनं रिकाम्या टोपल्या आत नेल्या. आळीला मात्र ते फार आवडलं. पुढे कुणीही थाप मारली की म्हणायचे, “उपग्रह बोलला!” रेडिओवर हवामान लागलं की आई बटण फिरवायची. तिच्या पाठोपाठ आळीनंही ऐकणं सोडलं. आज जवळा, उद्या कुणाची होडी, हे मला कळत होतं. तरी मी गप्प बसले, एकदोन नव्हे, कितीतरी वर्षं.

नव्वदच्या दशकात दुसऱ्या पिढीचा उपग्रह आला. चित्रं स्वच्छ येऊ लागली, किनारा संगणकच बसवू लागला आणि माझा पारदर्शक कागद कपाटात गेला. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

एका वर्षी दिवाळी उलटून गेल्यावर अरबी समुद्रात वादळ उठलं. किनाऱ्याला इशारा गेला. सकाळची पाळी संपवून मी ठाण्यात माजिवड्याला बसमधून उतरले, तिथून रिक्षानं कोलशेत. कडक ऊन पडलेलं आणि दारापुढच्या खळाभर ओला जवळा पसरलेला.

“कवा आली गो? जावय बरा हाय ना?” आईनं विचारलं.

“आये, जवळा उचल. वादळ येतंय.”

“उपग्रह बोलला!” शेजारची काकी ओरडली. सगळ्या हसल्या.

मी पदर खोचला आणि खराट्यानं जवळा गोळा करायला लागले. आईनं खराटाच धरला. “ऊन बग केवढा हाय! माज्या पोटावर पाय देतेस काय गो?”

“तेव्हा उपग्रह नाही चुकला, आये. किनारा मी चुकीचा बसवलेला. आणि तुला खोटं सांगितलं.”

“मंग आमी इतकी वरसं कोनाला हसलो?” काकी म्हणाली.

आईचा हात खराट्यावरच होता. “आज चुकली नाय कशावरनं?”

“आज मी नाही बसवला. किनारा सगळा उघडा दिसतोय. वादळ कुठे आहे ते पक्कं. इथे येईलच, हे पक्कं नाही.”

“म्हंजे येल पन, नाय पन येल.”

“हो.”

तिनं एकदा खाडीकडे बघितलं. “अर्धा उचल,” म्हणाली. “बाकीच्याला हात लावायचा नाय.”

वादळ काठेवाडकडे वळलं. आमच्याकडे नुसता वारा आला. पसरलेला जवळा कुरकुरीत वाळला. मी ढीग करून ठेवलेला आंबून वास मारायला लागला. काकीनं मूठभर आणून माझ्या नाकाखाली धरला. “घे, तुज्या उपग्रहाचा वास!” मी तो हुंगला आणि मान खाली घातली नाही. चित्र खरं होतं. वादळ पुढे कुठे वळेल, हे ते वळल्याशिवाय कुठल्याच पिढीच्या चित्रात दिसत नाही. उद्या तसाच इशारा आला तर मी परत खराटा हातात घेईन, परत वास हुंगीन. त्या संध्याकाळी आळीतल्यांनी मला शिव्या घालत का होईना, होड्या वर ओढल्या होत्या. मला तेवढं पुरे.

ऑफिसात ही गोष्ट मी कधीच बोलले नाही. आता ज्यांना वाचायची ते वाचतील.

हल्ली आई नाक्यावरच्या पीसीओवरून फोन करते. “काय बोलतोय गो तुजा उपग्रह?” एवढंच. नक्की कळत असेल तेव्हा सांगते. नसेल तेव्हा म्हणते, “आये, माहीत नाही.” त्यावर ती फोन आपटते. दोन दिवसांनी परत करते.