फकिराभाऊ पडले कसे

आमच्या भिंतीपलीकडं फकिराभाऊ आणि सरूबाई राहतात. लग्नाच्या पहिल्याच वर्षी त्यांचं भांडण मी ऐकलं होतं. भिंतीला कान लावायची गरज नव्हती. लोखंडी कपाट दुसऱ्या कोपऱ्यात न्यायचं होतं.

"वरून ढकलू नको, उलथंल! खालून ढकल, म्हंजी सरकंल."

"एवढं कळतंय तर तुम्हीच ढकला की."

"मी समजावून सांगतोय ना!"

"कपाटाला समजावा. मला सैपाक पडलाय."

कपाट दिवाळीपर्यंत खोलीच्या मधोमध उभं होतं.

ज्याला समजावण्याची अशी खोड, तो मास्तरच व्हायचा. लग्नाआधीच भाऊ सोयगावहून शहरात आले, दिवसा ऑफिसात शिपाई आणि संध्याकाळी क्रांती चौकाजवळ एका मंडळाच्या हॉलात पोरांना ज्युदो शिकवायचे. आता नोकरी संपली, ज्युदो तेवढा राहिला.

माझी शाळा तिसरीत सुटली, पण त्यांच्या ओट्यावर बसून मलाही ज्युदो येतो. तोंडी. समोरच्याला उचलायचं नसतं म्हणे, आधी त्याचा तोल काढायचा. तो पाऊल टाकत असला, की पाय टेकायच्या आत ओढायचं. आपली कंबर त्याच्या कमरेखाली घालायची, मग पहारीनं धोंडा उलथावा तसा तो आपसूक पलीकडं जातो. आणि हललाच नाही तर? तर जरा मागं रेटायचं. माणूस आडमुठा, तो पुढं जोर लावतो. तेच हवं असतं.

सरूबाई म्हणते, "मी जन्मभर ह्येच करत आले, आक्का. ह्यांना अजून कळलं नाय."

गेल्या उन्हाळ्यात मंडळाचे अध्यक्ष राजकुमारसाहेब म्हणाले, "सर, वय झालं तुमचं. हाड मोडलं तर आम्ही काय करायचं?" त्यांनी शिवराज नावाचा तरणा मास्तर आणला होता. त्याच्याशी एकदा खेळून दाखवा, मग ठरवू, म्हणाले. भाऊंचं जेवण कमी झालं. हॉल सुटला असता तर संध्याकाळीही घरी बसून सरूबाईला समजावणं आलं, आणि ती धास्ती दोघांनाही सारखीच होती.

"आक्का, तुम्ही चला," सरूबाईनं माझा पदर ओढला. "माझ्यानं एकटीनं बघवायचं नाय."

गादीवर दोघं भिडले. भाऊंनी ओढलं, शिवराज हलला नाही. मागं रेटलं, तरी नाही. पाय फाकवून, गुडघे वाकवून तो रांजणासारखा बसका झालेला. मग एकदम तोच वळला आणि आमचे भाऊ हवेत! सरूबाईनं माझं मनगट असं दाबलं, की बांगडी रुतली.

धप्प!

बघते तर, भाऊंची हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि अख्खा हात तळव्यापासून खांद्यापर्यंत गादीवर आपटलेला. एका जागी बसायचा मार साऱ्या अंगानं वाटून घेतला. उठले, पट्टा आवळला.

"छान. पण टाकल्यावर माझी बाही का सोडलीस? वर धरली असती, तर मी हळू पडलो असतो. हं, पुन्हा टाक."

शिवराजनं पुन्हा टाकलं. भाऊ पुन्हा उठले, पुन्हा चूक सांगितली. असं चालतच राहिलं. शेवटी शिवराजच गादीवर बसला.

"सर, मी दमलो."

बाकावर पोरांच्या आया होत्या. एक म्हणाली, "साहेब, आमचा रोज सायकलवरून पडून येतो. त्याला आधी हे असं पडायला शिकवा." बाकीच्यांनी तिचीच री ओढली. साहेबांनी जरा डोकं खाजवलं आणि ठरवलं: मोठी पोरं शिवराजकडं, लहानगी भाऊंकडं. हरून हॉल राखणारा असा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

"पडण्यातच नाव काढायचं होतं," सरूबाई डोळे पुसत म्हणाली, "तर इतकी वर्षं लोकांना कशाला पाडत होता?"

"मधी बोलू नको," म्हणत भाऊंनी गाद्या पुसल्या, खिडक्या लावल्या, कुलूप ओढून पाहिलं. मग रोजच्यासारखे किल्ली द्यायला औरंगपुऱ्यात साहेबांच्या घरी. आम्ही दोघी मागून.

"काही लागलं तर नाही ना, सर?" साहेबांनी दारातून विचारलं.

"छे!"

गल्लीचं वळण येईपर्यंत भाऊ ताठ चालले. वळल्यावर मग हात कमरेवर गेला.