पालीची पाच बोटं

आण्णांचा कुणावरच विश्वास नव्हता. आण्णा म्हणजे माझे थोरले चुलते. कुंभारीतल्या त्यांच्या घरी नवा माणूस टेकला की पाण्याच्या तांब्याआधी प्रश्न यायचा, "पाव्हनं, देवक कंचं?" देवक म्हणजे कुळाचं मूळ मानलेलं झाड किंवा पाखरू. ते तोडायचं नाही, जाळायचं नाही आणि एका देवकाच्या दोन घरांत सोयरीक करायची नाही. आमचं देवक उंबर. ते कुणी जळणात घातलंय का, हे बघायला आण्णा दुसऱ्याच्या चुलीतही डोकावायचे.

मी सोलापुरात जीवशास्त्र शिकवायला लागले, तेव्हा त्यांनी चौकशी केली, "काय शिकवतीस?" मी सांगितलं, माणूस, शेळी, उंबर, शेवाळ, सगळ्यांचा फार जुना पूर्वज एकच.

"बघितलाय कुनी?"

"नाही."

"साक्षीदार न्हाय आन् पोरास्नी शिकवताय व्हय?"

पण शंका त्यांच्या डोक्यातून जाईना. पुढच्या खेपेला त्यांनी मला दारातच गाठलं. "भितीवरच्या पालीलाबी पाचच बोटं हायती. माज्यावानी. हितं कायतरी गोम हाय." तेव्हापासून जमिनीत वाटणी मागायला आलेल्या भावकीकडे बघावं तसे ते पालीकडे बघत.

मग व्यंकटेश आला. माझ्याच शाळेत शिकवणारा, तेलुगू बोलणाऱ्या विणकरांच्या घरचा. वडील गेल्यावर मला आण्णांनी वाढवलं होतं. त्यांच्या होकाराशिवाय मला लग्न करायचं नव्हतं, आणि व्यंकटेशशिवायही नव्हतं. आण्णांनी त्याला नेहमीचा प्रश्न टाकला. तो बिचारा म्हणाला, "आमच्यात देवक नसतं, गोत्र असतं."

तो गेल्यावर आण्णा कडाडले, "नसतं कसं? लपवतंय ते! आन् उंबरच निघालं तर? भावाभैनीचं लगीन लावू व्हय? तूच म्हनतीस की, समद्यांचं मूळ एक."

माझाच धडा माझ्यावर उलटला होता. मी चिडून म्हणाले, "मग तुमचं आणि काकूचंही भावकीतच झालंय की!" आत काकू खुदकन हसली. आण्णा तडक गोठ्यात निघून गेले. पुढे कितीतरी दिवस ना होकार ना नकार. मला अन्न गोड लागेना.

एका दुपारी ते शाळेच्या फाटकाशी उभे दिसले. माझ्या खोलीवर यायलाही तयार नव्हते. "लई इचार केला. मूळ एक असंल तर समदीच भावकी. मग नको म्हनायला परका कोन ऱ्हायला? कर लगीन. पर त्या पोरावर नजर ठिवनार मी."

लग्नात देवकाची डहाळी मांडवात पुजतात. व्यंकटेशच्या घरी ती त्यांनी स्वतः नेऊन दिली, तीही आंब्याची. "उंबर न्हाय दिला. जोखीम कशाला?"

शेवटच्या दुखण्यात ते खाटेवर पडून छताकडे बघत होते. तिथे पाल होती. "नजर ठिव तिच्यावर," एवढंच म्हणाले. मी तेव्हा हसले आणि परतताना एसटीत सोलापूर येईपर्यंत रडले. आण्णा पुन्हा भेटले नाहीत.

आजही आमच्या भिंतीवर पाल दिसली की व्यंकटेश झाडू उचलतो. मी त्याचा हात धरते.

"राहू दे. माहेरचं माणूस आहे."