रेडिएटरमधली हळद

माझे वडील, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, पस्तीस वर्षं एका साहेबाची गाडी चालवत होते. मागचं दार त्यांनी उघडलं ते कायम दुसऱ्यासाठी. त्यामुळे नव्वदच्या दशकात वाशीला फ्लॅट झाल्यावर मी एक जुनी, तीन मालक फिरून आलेली गाडी घेतली, तेव्हा डोक्यात एकच खूळ होतं: आण्णांना मागे बसवून गावच्या पारापर्यंत न्यायचं. गावाने ते बघायलाच हवं होतं. गाडी दारात आली त्याच दिवशी मी फर्मान काढलं की आण्णांनी बॉनेटला हात लावायचा नाही, आता नुसतं बसायचं. ते बरं म्हणाले.

गाडी माझ्यासारखीच निघाली, वरून बरी आणि आतून सगळा आनंद. रोज सकाळी रेडिएटर उघडावा तर पाणी दोन बोटं खाली. ऑइलही कमी. मी डिप्लोमावाला, त्यामुळे शास्त्रशुद्ध तपास सुरू केला. रात्री इंजिनाखाली पुठ्ठा पसरला, सकाळी ओढून काढला. ऑइलचे चार डाग होते, पाण्याचा थेंबही नव्हता. शहाण्या माणसाला पुढचं लगेच कळलं असतं. मी मोठा पुठ्ठा आणला.

शेवटी तुर्भ्याच्या एका ट्रकवाल्याने कानमंत्र दिला, रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाका, भोक बुजतं. बायकोच्या डब्यातली हळद ओतली आणि काय सांगू, दुसऱ्या दिवशी पाणी काठोकाठ. तिसऱ्या दिवशीही. ऑइलची पट्टी काढून बघितली तर ऑइल उलट चढलेलं. कमी होणारं ऑइल आपोआप वाढतं, यात मला काही म्हणजे काही वावगं वाटलं नाही. सोसायटीच्या गेटवर चार शेजाऱ्यांना उभं करून मी हळदीचे गुण ऐकवले. एकाने कागदावर लिहून घेतलं. आण्णा बाजूला उभे राहून मान डोलवत होते.

मग एकदा सकाळी दूध आणायला उतरलो तर आण्णा गाडीशेजारी, हातात बादली. माझं टाळकंच सरकलं. लोक म्हणतील, म्हाताऱ्या बापाकडून गाडी धुऊन घेतो. तिथल्या तिथे त्यांना नको नको ते बोललो. ते बादली घेऊन वर गेले आणि नंतर चार दिवस खाली उतरलेच नाहीत.

पाचव्या दिवशी आम्ही दोघं गावाला निघालो. आण्णा इस्त्रीचा सदरा घालून मागच्या सीटवर, टोपी मांडीवर. पाणी बघितलंस का, एवढंच त्यांनी विचारलं. हळद आहे ना, मी म्हणालो. त्यांना मागे बसलेलं बघायला मी सारखा आरशात डोकावत होतो, आणि त्या नादात समोरचा तापमानाचा काटा बघायचा राहिला. वाशी सोडून जेमतेम शिरवण्याजवळ आलो तर बॉनेटमधून भसाभस वाफ निघाली.

मी बॉनेट उघडलं, वाफेला फुंकर घातली, उगाच एक वायर हलवली. आण्णा हात पाठीमागे बांधून उभे. बराच वेळ त्यांनी माझा हा तमाशा पाहिला. मग हळूच म्हणाले, "आता हात लावू का?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इंजिन थंड झाल्यावर त्यांनी ऑइलची पट्टी काढून माझ्यासमोर धरली. दूध जास्त झालेल्या चहासारखं काहीतरी तिला चिकटलं होतं. खाली थेंब नाही म्हणजे पाणी आत जातंय, त्यांनी समजावलं. इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग, गॅस्केट, गेलंय, थोडं पाणी धुरातून जातं, थोडं ऑइलमध्ये मिसळतं, म्हणून ऑइल वाढलं. मग खाली बघत त्यांनी कबूल केलं की पंधरा दिवस पहाटे उठून ते स्वतःच रेडिएटर भरत होते.

सांगायचं नाही का, मी चिडूनच विचारलं.

"तू चारचौघांत हळदीचं सांगत होतास," ते म्हणाले. "मला नाही बाबा तुझं तोंड पाडवलं."

त्या सकाळी आम्ही दुसऱ्या गाडीला टोचन लावून, ओढत परत आलो. मला रडू येत होतं आणि स्वतःची लाजही वाटत होती.

गॅस्केट बदलल्यावर पुन्हा निघालो. या वेळी मी खाली उतरताच किल्ली आण्णांच्या हातात दिली. त्यांनी बॉनेट उघडलं, पाणी बघितलं, ऑइल बघितलं. पुढच्या सीटवर त्यांनी पाण्याचे दोन डबे आणि पाने-पक्कड ठेवले, त्यामुळे मला मागे बसावं लागलं. घाटात त्यांचा चेहरा मी पुन्हा आरशातच बघत होतो. इतके खूश ते मागच्या सीटवर एकदाही दिसले नव्हते.

गावात शिरलो तेव्हा पार भरलेला होता. आण्णा उतरले, गाडीला वळसा घालून आले आणि सगळ्या गावासमोर माझ्या बाजूचं दार उघडून उभे राहिले.

"उतरा साहेब," म्हणाले, "गाव आलं."